सातबारा कोरा, पण जमीन कोरी आहे का? विकास आराखडा आणि भूमी अभिलेख एका जागी का दिसत नाहीत?

बांधावरचा_माणूस

मंडळी, चार महिने एका त्रांगड्यात अडकलोय, म्हणून हा धागा.

आमची वडिलोपार्जित बत्तीस गुंठे जमीन. शहराची हद्द वाढली तसं गाव नगरपालिकेत गेलं. आम्ही बहीण-भाऊ तिघांनी मिळून विकायचं ठरवलं. सातबारा काढला, एकदम स्वच्छ. इतर हक्कात काही नाही, बोजा नाही, वाद नाही. गिऱ्हाईक मिळालं, विसार झाला. मग त्याच्या बँकेच्या वकिलाने झोन दाखला मागितला, म्हणजे विकास आराखड्यात ही जमीन कुठल्या वापरासाठी दाखवलीय त्याचा कागद.

नगररचना विभागात गेलो. "सर्व्हे नंबर सांगा." मी गट नंबर सांगितला. "आमच्या नकाशावर सर्व्हे नंबर आहेत, गट चालत नाही." मग भूमी अभिलेखला जाऊन जुना नंबर शोधला, परत आलो. तीन आठवड्यांनी दाखला हातात पडला: "अंशतः रहिवास, अंशतः १८ मी. रुंद विकास योजना रस्ता, अंशतः प्राथमिक शाळेचे आरक्षण." अंशतः म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणे मोजणी करून आणा. मोजणीवाले म्हणाले, रस्त्याची रेषा आमच्या नकाशावर नाही, ती तुम्ही आणून द्या.

म्हणजे जमीन एक, सरकार एक, आणि दोन कार्यालयांच्या लेखी दोन वेगळ्या जमिनी. माझं मत असं, की झोन, आरक्षण, रस्ता, पूररेषा हे सगळं देशभर एकाच साच्यात नोंदवावं आणि थेट सातबाऱ्यावर छापावं. यात चूक काय?

अर्धा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. निवांत वाचणार.

शंकूसाखळी

भूमी अभिलेखात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. धागालेखकाचा राग रास्त आहे, पण आधी नंबरांची गोष्ट ऐका.

इंग्रजांच्या वेळच्या मोजणीत सर्व्हे नंबर पडले, त्याचे पुढे हिस्से झाले. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पण सगळ्या गावांत नाही! काही गावांत योजना झालीच नाही, काही ठिकाणी झाली आणि त्यावर अजून भांडणं चालू आहेत. गावठाणात सिटी सर्व्हे झाला की तिसरे नंबर. विकास आराखड्याचा पायाभूत नकाशा ज्या साली केला त्या साली जो नंबर हाताशी होता तो त्यावर बसला. तुमच्या आराखड्यात जुने सर्व्हे नंबर आले ते असे. ९(३), ९(४) चा उतारा काढलात का? जुन्या हिश्श्याचा कुठला गट झाला ते त्यात कळतं.

दुसरी गोष्ट रेषेची. मोजणीच्या टिपणात साखळीचा आणि आण्याचा हिशोब आहे. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा, त्याचा सोळावा भाग आणा. आराखडा मात्र गावनकाशे शेजारी शेजारी चिकटवून केलेला. गावनकाशाचा कागद शंभर वर्षांत आकसलेला, घडीवर फाटलेला. शिवेवर दोन गावं जुळतच नाहीत, मधे फट तरी पडते नाहीतर एकमेकांवर तरी चढतात. त्यावर रस्त्याची रेघ मारली. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर. १:१०,००० वर दहा मीटर. आता सांगा, तुमच्या बत्तीस गुंठ्यांत "अंशतः" किती, ते कोण छातीठोक सांगणार?

तेव्हा सातबाऱ्यावर छापा म्हणणं सोपं आहे. छापायचा आकडा आणायचा कुठून?

पुणेरी_पाटी

एक गुंठा म्हणजे १००० चौरस फूट ना?

शंकूसाखळी

१०८९. हजार सांगणारा तुम्हाला प्लॉट विकत असेल तर उरलेल्या एकोणनव्वद फुटांचं काय झालं ते विचारा.

वकीलीणबाई

मी धागालेखकाच्या मताच्या पूर्ण विरुद्ध आहे, आणि रोज याच कागदांत हात घालते म्हणून सांगते.

सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, महसूल संहितेचं कलम १५७. म्हणून तिथे काय लिहावं याला फार जपलं पाहिजे. नियोजन म्हणजे हक्क नव्हे. आरक्षण म्हणजे पुढे संपादन करायचा इरादा, आणि तो मरतोही. नगररचना कायदा १९६६, कलम १२७: अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती.

आता हे आरक्षण इतर हक्कात चढलं असं समजा. ते व्यपगत झाल्यावर उतरवणार कोण? माझ्याकडे असे सातबारे आहेत, ज्यांवर सोसायटीचा बोजा फेडून वीस वर्षं झाली तरी बोजा तसाच. कर्ज काढणाऱ्याचा मुलगाही म्हातारा झाला. मेलेल्या बोजाचं जे होतं तेच मेलेल्या आरक्षणाचं होणार. आज निदान आराखड्यात बघून कळतं. उद्या दोन्हीकडे वेगवेगळं दिसेल, आणि त्यावर माझं घर चालेल. माझा फायदा आहे, तरी नको म्हणते.

अर्धा_चहा

वकिलाने स्वतःच्या फायद्याविरुद्ध मत दिलं. वाचनखूण साठवली.

भागवत_शेतकरी

साच्याचं सोडा, मुद्द्याचं बोला. आमच्या शिवारात आधीच्या मसुद्यात बागेचं आरक्षण एका बड्याच्या मळ्यावर होतं, मंजूर आराखड्यात ते शेजारच्या चार गरिबांच्या तुकड्यांवर सरकलं. सगळं कायदेशीर. हरकती-सूचना झाल्या, सुनावणी झाली. जिल्ह्याच्या पेपरात आलेली जाहिरात आम्ही बघितली नाही, त्याने बघितली. हे सरकणं तुमच्या प्रमाण साच्याने थांबणार आहे का? नुसतं आरक्षण देखण्या रंगात दिसेल.

झ्युरिककर_काका

तेवीस वर्षं स्वित्झर्लंडात आहे, मोजणीच्याच क्षेत्रात. इथलं कौतुक सांगायला नव्हे, पण वकीलीणबाईंनी काढलेला प्रश्न इथेही आला होता. त्यांनी तो कसा हाताळला ते सांगतो.

इथे मालकी आणि गहाणाची नोंदवही वेगळी आहे. सार्वजनिक कायद्याने जमिनीवर येणाऱ्या निर्बंधांसाठी दुसरी व्यवस्था उभी केली. सुरुवातीला त्यात सतरा विषय होते: बांधकामाचे झोन, भूजल संरक्षण क्षेत्र, प्रदूषित जागा, आवाजाची मर्यादा, जंगलाची हद्द वगैरे. २०१४ च्या सुमारास आमच्या झ्युरिकसह काही कँटनांनी (इथली राज्यं) चालू केली, मग बाकीचे आले. जमिनीच्या तुकड्यावर टिचकी मारली की एक कागद बाहेर पडतो: कुठला निर्बंध, किती चौरस मीटरवर, कुठल्या कायद्याखाली, आणि जबाबदार कार्यालय कोणतं.

यातली खुबी बघा. निर्बंध जमिनीच्या नोंदवहीत कुणी लिहीत नाही. तुकड्यांचा थर वेगळा, झोनचा थर वेगळा, प्रत्येक थर ज्याचा त्याने सांभाळायचा. उतारा मागाल त्या क्षणी यंत्र एकावर एक ठेवून छेद काढतं. झोन बदलला तर उद्याच्या उताऱ्यात आपोआप नवा दिसतो. उतरवायचा विसरला, हा प्रकारच नाही, कारण चढवलेलाच नाही.

हे जमायला मात्र छोटा देश असूनही वर्षं गेली. प्रत्येक कँटनचा झोनचा साचा वेगळा होता. केंद्राने प्रत्येक विषयाला एक किमान साचा दिला: एवढ्या गोष्टी सगळ्यांनी द्यायच्याच, बाकी तुमचं तुम्ही वाढवा.

बांधावरचा_माणूस

काका, "छापावं" हा माझा शब्द मागे घेतो. दिसावं एवढंच म्हणतो.

खालच्या_आळीचा

अशी व्यवस्था आमच्याकडे केव्हाची आहे. तहसीलसमोरच्या टपरीवर बसते. गट नंबर सांगितला की झोन, आरक्षण, पूररेषा, मालकाच्या भावकीतली भांडणं, सगळे थर एकावर एक ठेवून मिनिटात उतारा. वर कटिंग चहा. सॉफ्टवेअरचं नाव तात्या.

जीआयएसवाली

तात्यांना दंडवत. तात्यांचा डेटा माझ्यापेक्षा अद्ययावत असणार याबद्दल शंका नाही.

मी एका सल्लागार कंपनीत हेच थर एकत्र करायचं काम करते. काका म्हणतात तसं एकावर एक ठेवायला आधी थर एका भाषेत बोलायला हवेत. माझ्या टेबलावर येतं ते असं: एका शहराच्या आराखड्यात रहिवास विभागाला "आर-१", दुसऱ्यात "रेसि", तिसऱ्यात देवनागरीत "रहिवास", चौथ्यात नुसता पिवळा रंग आणि नाव काहीच नाही. पूररेषा पाटबंधारेकडून येते, ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधली, पृथ्वीवर कुठे आहे याचा पत्ता नसलेली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. पण फाईलमध्ये दोन्ही पांढऱ्याच. पाटबंधारेच्या माणसाला फोन करून "साहेब, नदीच्या जवळची निळी ना?" असं विचारून मी रंग भरलेत. हसू नका.

केंद्राच्या अमृत योजनेत शहरांचे आराखडे १:४००० वर जीआयएसमध्ये (जागेच्या पत्त्यासकट संगणकी नकाशे) करायचे निकष आले तेव्हापासून नव्या कामांत बरीच शिस्त आली, हेही खरं. जुने मंजूर आराखडे मात्र कागदाचे स्कॅन.

आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. आयएसओ १९१५२, बोलताना आम्ही "लॅडम" म्हणतो. २०१२ च्या पहिल्या आवृत्तीत माणसं-संस्था, त्यांचे हक्क-निर्बंध-जबाबदाऱ्या आणि जमिनीचे तुकडे यांचा सांगाडा होता. नव्या आवृत्तीत त्याचे भाग पाडलेत आणि एक अख्खा भाग नियोजनाच्या माहितीसाठी ठेवलाय. कल्पना साधी आहे. प्रादेशिक योजनेपासून वॉर्डाच्या आराखड्यापर्यंत उतरंड नोंदवा, प्रत्येक झोनच्या तुकड्याला ओळख द्या, आणि तो हक्कांच्या तुकड्याशी जोडा. झोन आज काय आहे एवढ्यावर थांबू नका, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तेही ठेवा. वकीलीणबाईंचं मेलेलं आरक्षण तिथे "अमुक तारखेला संपलं" असं दिसेल, भूत होऊन फिरणार नाही.

निवृत्त_नगररचनाकार

फार दिवसांनी लिहितोय. टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो, शिव्या नंतर द्या.

आमच्याकडे प्रमाणीकरण झालंच नाही असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई आणि काही खास क्षेत्रं वगळता सगळ्या राज्याला बांधकामाचे नियम जवळपास एक झाले. त्याआधी प्रत्येक नगरपालिकेचं वेगळं पुस्तक असे. नियमांचं पुस्तक एक झालं, नकाशे वेगवेगळेच राहिले.

नकाशाचा घोळ किती महाग पडतो ते मुंबईने बघितलं. २०१५ च्या फेब्रुवारीत नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. असलेली देवळं, वारसा इमारती, घरं चुकीची दाखवली म्हणून एवढा गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ ला. चुका धोरणाच्या होत्या तशा जमिनीवर काय उभं आहे याच्या नोंदीच्याही होत्या.

जीआयएसवालींना एक सांगतो. "मंजूर की नामंजूर" एवढा एक रकाना ठेवून आमचा कायदा मावणार नाही. कलम २६ खाली मसुदा प्रसिद्ध होतो, मग हरकती, सुनावणी, कलम ३१ खाली मंजुरी. पण शासन आराखडा बरेचदा तुकड्यांनी मंजूर करतं. ज्या भागात शासनाला मोठे बदल करायचे असतात तो भाग वगळून बाकीचा मंजूर होतो. वगळलेल्या भागाला आम्ही ईपी म्हणतो. त्यावर पुन्हा हरकती, पुन्हा निर्णय, त्यात वर्षं जातात. शिवाय कलम ३७ खाली फेरबदल चालूच. त्यामुळे एकाच गटाचा अर्धा भाग मंजूर आराखड्यात आणि अर्धा ईपीत असू शकतो. परदेशी साचा जसाच्या तसा आणाल तर हे सगळं "इतर" नावाच्या रकान्यात जाऊन पडेल.

भागवत_शेतकरी

साहेब, सरकण्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

निवृत्त_नगररचनाकार

खरंय. बोललो नाही.

मसुद्यातलं आरक्षण, समितीने सुचवलेलं, सर्वसाधारण सभेने पाठवलेलं आणि शासनाने मंजूर केलेलं, अशा चार अवस्था चार नकाशांत असतात. चारही शेजारी शेजारी लावून सामान्य माणसाला बघता येत नाहीत. दिसले असते तर काही सह्या करताना आमचे हात थरथरले असते. माझ्या काळात मी हे मागितलं नाही, हेही कबूल करतो.

पेडण्याचो_पोर

गोंयच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी नमुना एक-चौदा, आणि झोन ठरतो प्रादेशिक आराखड्यात. २०११ चा आराखडा लोक रस्त्यावर उतरले म्हणून मागे घ्यावा लागला, मग २०२१ चा आला. नकाशे गावागावांत लावले, लोकांनी पेन घेऊन चुका दाखवल्या. ते दिवस वेगळेच होते.

आता गंमत ऐका. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) घातलं, आराखड्यात "अनवधानाने राहिलेल्या चुका" दुरुस्त करायला. ऐकायला किती छान, धागालेखकाला हवं तेच! प्रत्यक्षात शेत, बागायत असलेले तुकडे एकेक करून वस्तीच्या झोनात जाऊ लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले.

म्हणून मला भागवतभाऊंचं पटतं. झोन संगणकात सुटसुटीत झाला की बदलणंही सुटसुटीत होतं. साचा करायचाच तर बदल कुणाच्या अर्जावरून झाला आणि आधी काय होतं, हे रकाने पहिले घाला. रंग मागाहून ठरवा.

खालच्या_आळीचा

"कुणाच्या अर्जावरून" हा रकाना प्रमाणात बसवाल तेव्हा मला उठवा.

शंकूसाखळी

एक सुधारणा मी डोळ्यांनी पाहिली ती सांगतो, नाहीतर आम्ही म्हातारे नुसतेच रडतो असं होईल. रोव्हर (उपग्रहांवरून जागा टिपणारं यंत्र) आल्यापासून मोजणी थेट अक्षांश-रेखांशांत होते. पूर्वी बांधावरच्या आंब्यापासून अंतर धरायचो, आंबा पडला की मोजणी पडली. गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, त्याचा पहिला प्रयोग आपल्या पुरंदरातल्या सोनोरीत. सातबाऱ्याच्या माथ्यावर आता युएलपिन पण येतो. केंद्राची कल्पना अशी, की तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून त्याला कायमची ओळख द्यायची. ज्या गावचा नकाशाच पृथ्वीवर नीट बसलेला नाही, तिथे मात्र तो नंबर नुसता नंबरच.

आणि महसूलवाल्यांना झोनशी देणंघेणं नाही हे आता चालणार नाही. संहितेत २०१४ ते २०१७ मध्ये ४२-अ ते ड कलमं आली. आराखड्यात जो वापर आहे त्यासाठी वेगळी बिनशेती परवानगी नको, रूपांतर कर भरा आणि सनद घ्या, असं तेव्हा ठरलं. म्हणजे तहसीलदारांनाही आराखडा बघणं आलं. त्यांच्याकडून नगररचनाकडे कागद जातो आणि "अंशतः" असा शेरा घेऊन परत येतो.

पुणेरी_पाटी

मग या सगळ्यात रंग ठरला का? पिवळा म्हणजे रहिवास ना? माझ्या प्लॉटवर पिवळ्यावर हिरव्या रेघा आहेत.

जीआयएसवाली

कुठल्या शहराचा, कुठल्या सालचा आराखडा ते सांगितल्याशिवाय काहीही सांगता येत नाही. हाच तर धाग्याचा विषय आहे हो!

वकीलीणबाई

काकांचं उत्तर वाचून माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा असा: त्या छेद काढणाऱ्या कागदावर भरवसा ठेवून कुणी जमीन घेतली आणि कागद चुकीचा निघाला, तर जबाबदार कोण? आपल्या संकेतस्थळांवरच्या प्रत्येक नकाशाखाली "केवळ माहितीसाठी, कायदेशीर बाबींसाठी ग्राह्य नाही" असं लिहिलेलं असतं. ते वाक्य जोवर आहे तोवर माझी अशिलं शिक्का मारलेला भाग नकाशाच (आराखड्यातला त्या जमिनीपुरता तुकडा) मागणार.

झ्युरिककर_काका

रास्त प्रश्न. इथे आधी कायदा केला, २००८ मध्ये. उतारा बरोबर असण्याची जबाबदारी शासनाची, हे त्यात आलं. संगणक त्यानंतर. उलट क्रमाने गेलं की तुमचं ते वाक्य तळाशी येतं.

बांधावरचा_माणूस

सगळ्यांचे आभार. काय झालं ते कळवतो.

शंकूसाखळी यांनी सांगितलेला ९(३), ९(४) चा उतारा काढला. त्यातून कळलं, की आमचा गट दोन जुन्या हिश्श्यांचा मिळून झालाय आणि शाळेचं आरक्षण शेजारच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहे. दाखला देताना आख्खा सर्व्हे नंबर धरला, म्हणून "अंशतः शाळा" आली. थोडक्यात, शाळा आमची नाहीच. रस्ता खरा आहे, कोपऱ्यातून जातो. मोजणीदाराने भाग नकाशावरून अंदाजे चार गुंठे म्हटलंय, मोजणीची क प्रत (मोजणी खात्याचा अधिकृत नकाशा) आली की नक्की होईल. गिऱ्हाईक अठ्ठावीस गुंठ्यांना तयार आहे, भाव मात्र पाडून मागतोय.

निवृत्त_नगररचनाकार

दाखला दुरुस्त करून घ्या, लेखी अर्ज देऊन, तो उतारा जोडून. रस्त्याचे चार गुंठे फुकट सोडू नका, टीडीआर (त्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा मोबदल्याचं विचारा. आणि भाग नकाशावर मंजुरीचा दिनांक आणि रस्त्याच्या रेषेजवळ काही बारीक अक्षरं आहेत का, ते बघा.

बांधावरचा_माणूस

बघितलं. भिंग लावून. रस्त्याच्या कडेला "ईपी" लिहिलंय, पुढचा आकडा फोटोकॉपीत गेलाय.

निवृत्त_नगररचनाकार

मग क प्रतीचे पैसे आत्ताच भरू नका. रस्ता अजून ठरायचाय. गिऱ्हाइकालाही हे आजच सांगा, विसार घेतलाय तुम्ही.

खालच्या_आळीचा

तात्यांना विचारलं. म्हणाले, "तो रस्ता ना? तो पलीकडून जाणार आहे."